स्कॉटलंडच्या सागरी लिंक्सवर नऊ रात्री: सात कोर्स नकोत, दोन मुक्काम पुरेत

प्रश्न असा आहे: पुण्यातील चार मित्र, वय ५६ ते ६३, हँडिकॅप (खेळाच्या कौशल्याचा आकडा; जितका कमी तितका खेळाडू चांगला) अनुक्रमे १२, १५, १९ आणि २६. पुढील वर्षी मे किंवा जूनमध्ये स्कॉटलंडमध्ये नऊ रात्री राहून सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्युरफिल्ड, प्रेस्टविक, ट्रून, टर्नबेरी आणि डॉर्नॉक या सात ऐतिहासिक लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीवरील गोल्फ कोर्सवर, खेळायचे आहे. दोघांच्या पत्नी सोबत येणार आहेत. त्या गोल्फ खेळत नाहीत. चौघांपैकी एक जण शाकाहारी आहे. हॉटेले उत्तम हवीत, खर्चाची चिंता नाही, फक्त क्रम कसा लावावा ते सांगा.

आपण क्रम विचारला आहे, परंतु ही यादी कोणत्याही क्रमाने मांडली तरी नऊ रात्रींत सुखाने बसत नाही, हे मला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. गेली अठरा वर्षे मी पुण्या-मुंबईच्या खेळाडूंचे छोटे गट स्कॉटलंडला घेऊन जात आहे आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशाच यादीवर एक दौरा आखला होता: नऊ दिवसांत आठ कोर्स, चार हॉटेले. सहाव्या दिवशी सकाळी सहापैकी तिघांनी खेळायला येण्यास नकार दिला, ज्यांनी यायचे ठरवले त्यांना आदल्या दिवशीच्या कोर्सवरचा एकही होल (सुरुवातीच्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) नीट आठवत नव्हता, आणि सोबत आलेल्या दोघींचे सगळे दिवस गाडीच्या खिडकीतून मेंढ्या पाहण्यात गेले होते. त्या दौऱ्यात पैसा कमी पडला नव्हता, हॉटेले उत्तम होती आणि हवामानानेही साथ दिली होती. चूक माझ्या आखणीची होती.

नकाशा समोर ठेवला की अडचण लगेच दिसते. सेंट अँड्र्यूज आणि कार्नूस्टी पूर्व किनाऱ्यावर आहेत. म्युरफिल्ड त्याच बाजूला, पण एडिनबरोच्या पलीकडे आहे. प्रेस्टविक, ट्रून आणि टर्नबेरी पश्चिमेच्या एअरशर किनाऱ्यावर आहेत, म्हणजे सेंट अँड्र्यूजहून दोन ते तीन तासांच्या वाटेवर. डॉर्नॉक तर इनव्हरनेसच्याही उत्तरेला, सेंट अँड्र्यूजपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे आणि वळणावळणाच्या रस्त्याने तेथे पोहोचायला चार तास लागतात. एका फेरीला चार ते साडेचार तास, तिच्याआधी तासभर तयारी आणि नंतर निवांत जेवण, एवढा हिशेब धरला तर खेळाच्या दिवशी लांबचा प्रवास शक्य नसतो. आणि प्रवासाच्या दिवशी केलेला खेळ हा केवळ हजेरी लावल्यासारखा होतो.

म्हणून मी यादीला कात्री लावून सुरुवात करतो. माझा सल्ला असा की यावेळी एअरशर आणि डॉर्नॉक दोन्ही सोडावेत, पूर्व किनारा धरावा आणि दोनच ठिकाणी मुक्काम करावा: आधी एडिनबरोच्या पूर्वेच्या ईस्ट लोदियन भागात तीन रात्री आणि नंतर सेंट अँड्र्यूजमध्ये सहा रात्री. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण प्रेस्टविक हे माझे स्वतःचे आवडते ठिकाण आहे. ‘ओपन’ ही ब्रिटनची सर्वांत मानाची गोल्फ स्पर्धा १८६० साली पहिल्यांदा तेथेच झाली. त्यावेळी कोर्स बारा होलचा होता, एका दिवसात तीन फेऱ्या खेळल्या गेल्या आणि विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. तेथील पाचव्या होलचे नाव ‘हिमालयाज’ आहे आणि त्या वाळूच्या उंच टेकाडावरून समोरचे ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दिसत नसताना फटका मारताना आपल्याकडच्या खेळाडूच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते मी अनेकदा पाहिले आहे. परंतु प्रेस्टविक, ट्रून आणि टर्नबेरी हा स्वतंत्र सहलीचा विषय आहे, तसाच डॉर्नॉक आणि इनव्हरनेसजवळचा कासल स्टुअर्ट हाही. याच कासल स्टुअर्टवर २०१२ मध्ये जीव मिल्खा सिंग याने स्कॉटिश ओपन जिंकली होती, त्यामुळे भारतीय खेळाडूने तेथे एकदा आवर्जून जावे. मात्र त्यासाठी सेंट अँड्र्यूजमधला एक दिवस मोडू नये.

एका गावात सहा रात्री का, हे सांगण्यासाठी लिंक्स म्हणजे काय याकडे वळावे लागेल. कोकणात पुळणीच्या मागे वाळूची जी टेकाडे असतात, तशी जमीन डोळ्यांसमोर आणा. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला हा पट्टा नांगराखाली आणण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून तो चराईसाठी आणि खेळण्यासाठी मोकळा राहिला. खाली वाळू असल्यामुळे पाणी झटकन मुरते, वर फेस्क्यूसारखे बारीक, चिवट गवत असते आणि जमीन टणक राहते. जुने बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, कोणी आखून खोदलेले नव्हते. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी आणि बिळे करणाऱ्या सशांनी पाडलेल्या खळग्यांतून त्यांतले बरेचसे तयार झाले, असे मानले जाते. अशा जमिनीवर चेंडू पडल्यावर थांबत नाही, धावतो. आणि तो कोठे धावेल हे जमिनीचे चढ-उतार आणि त्या दिवसाचा वारा ठरवतात. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या कोर्सवर आपण चेंडू हवेतून ग्रीनवर उतरवायला शिकलो आहोत. लिंक्सवर तो तीस-चाळीस यार्ड अलीकडे टाकून जमिनीवरून घरंगळत न्यावा लागतो, आणि ही सवय पहिल्या फेरीत लागत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सचे आहे. १९२१ साली सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ओपन खेळताना तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये तो अडकला आणि त्याने स्पर्धाच सोडून दिली. तोच खेळाडू १९२७ मध्ये त्याच कोर्सवर ओपन जिंकला, १९३० मध्ये तेथेच ब्रिटिश ॲमॅच्युअर जिंकला, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले. त्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ मधला बेंजामिन फ्रँकलिन. कार्नूस्टीचीही अशीच गोष्ट आहे. बेन हॉगन हा अमेरिकन खेळाडू आयुष्यात एकदाच, १९५३ साली, ओपन खेळायला आला आणि जिंकला. पण त्यासाठी तो सुमारे दोन आठवडे आधी येऊन कोर्सचा अभ्यास करत राहिला होता. या दोघांनाही जे कोर्स लगेच उलगडले नाहीत, त्यांच्यासाठी आपण अर्धा दिवस ठेवणे योग्य नाही.

आता आपल्या दौऱ्यातील सर्वांत अवघड गोष्टीकडे, ओल्ड कोर्सच्या टी टाइमकडे, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या ठरलेल्या वेळेकडे, येतो. ओल्ड कोर्स हा कोणत्याही खासगी क्लबचा नाही. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेने गावकऱ्यांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क मान्य झाला. आज ही जमीन सार्वजनिक आहे आणि तिची व्यवस्था १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट पाहतो. म्हणूनच येथे पैशाच्या जोरावर हवा तो दिवस मिळेल असे गृहीत धरता येत नाही. तीन मार्ग आहेत. पहिला, ट्रस्ट आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस पुढील हंगामासाठी काही वेळांचे अर्ज मागवतो. त्यात नशीब असावे लागते. दुसरा, ट्रस्टने मान्यता दिलेल्या प्रवास कंपन्यांकडून हॉटेल आणि अन्य कोर्ससह हमीची वेळ घेणे. यात फीच्या कितीतरी पट खर्च होतो. तिसरा, बॅलट: खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत दोन ते चार जणांची नावे द्यायची आणि संध्याकाळी सोडतीचा निकाल पाहायचा. २०२५ च्या मुख्य हंगामात ओल्ड कोर्सची फी ३४० पौंड होती, आणि बॅलटने वेळ मिळाली तर केवळ फीच द्यावी लागते.

यांपैकी कोणता मार्ग धरावा हे आपल्या मनात ओल्ड कोर्सचे स्थान काय आहे यावर अवलंबून आहे. तेथे खेळायला न मिळाल्यास संपूर्ण दौरा फुकट गेला असे आपणा चौघांपैकी एकालाही वाटणार असेल, तर मान्यताप्राप्त कंपनीकडून हमीची वेळच घ्यावी आणि त्या जादा खर्चाचा विचार करत बसू नये. मात्र विक्रेता अधिकृत आहे की नाही हे ट्रस्टच्या यादीत स्वतः पाहावे. एका गटाने माझा सल्ला न घेता एका मध्यस्थाला आगाऊ रक्कम दिली होती आणि त्याने दिलेली ‘हमी’ म्हणजे प्रत्यक्षात बॅलटमध्ये नावे देण्याची तयारी एवढीच निघाली. उलट, मिळाले तर उत्तम, नाही तर गावातील अन्य कोर्स आहेतच, अशी वृत्ती असेल तर बॅलटची मजा निराळी आहे: संध्याकाळी सहाजण एका फोनभोवती गोळा होतात आणि नाव लागले की सगळ्या हॉटेलला कळते. बॅलटमध्ये यश येण्याची शक्यता जितके दिवस प्रयत्न करता येईल तितकी वाढते, आणि हे सहा रात्री एका जागी राहण्याचे दुसरे कारण आहे.

दिवसांची मांडणी करताना दोन गोष्टी हलवता येत नाहीत. म्युरफिल्डवर पाहुण्यांना मंगळवारी आणि गुरुवारीच खेळता येते, आणि ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो. म्हणून विमान असे घ्यावे की मंगळवारी दुपारपर्यंत आपण एडिनबरोला उतराल. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे बुधवारी पहाटे सर्वांना जाग येईल आणि बाहेर लख्ख उजेड असेल; त्याचा उपयोग करून सकाळची पहिली वेळ नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवर घ्यावी. हा कोर्स कठीण असूनही खेळकर आहे. तेराव्या होलवर ग्रीनच्या अलीकडे चक्क दगडी गडगा आडवा येतो, आणि पंधरावा ‘रेडान’ नावाचा होल जगभरच्या कोर्स-रचनाकारांनी इतक्या वेळा उचलला आहे की मूळ पाहताना ओळखीचा वाटतो. गुरुवारी म्युरफिल्ड. १७४४ साली लीथ येथे गोल्फचे पहिले तेरा लिखित नियम ज्या मंडळींनी केले, त्यांचाच हा क्लब. १८९१ पासून तो येथे आहे. येथे सकाळची फेरी, मग कोट आणि टाय घालून सावकाश जेवण, आणि दुपारी दोघांनी एकाच चेंडूवर आलटून पालटून खेळायची फोरसम, असा दिवस घालवावा. हँडिकॅपबाबत हा क्लब काटेकोर आहे, म्हणून २६ हँडिकॅप असलेल्या आपल्या मित्रासाठी क्लबकडून लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नयेत; नकार आलाच तर शेजारच्या गलनच्या टेकडीवरील कोर्स त्याला निराश करणार नाही.

शुक्रवारी खेळ ठेवू नका. क्वीन्सफेरीच्या पुलावरून जाताना शेजारचा १८९० चा फोर्थ रेल्वे पूल पाहा, किनाऱ्याच्या रस्त्याने जा आणि संध्याकाळी सेंट अँड्र्यूजला पोहोचा. शनिवारी न्यू कोर्स. नाव ‘न्यू’ असले तरी तो १८९५ चा आहे आणि त्या काळचा नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने आखलेला आहे. रविवार मोकळा. सोमवार ओल्ड कोर्ससाठी, मंगळवारी कार्नूस्टी, आणि बुधवार राखीव. हमीची वेळ घेतली तर ती सोमवारची मागा. बॅलट करायचे ठरवले तर आगाऊ पैसे फक्त कार्नूस्टीचे भरा. शनिवार, सोमवार आणि बुधवार या तिन्ही दिवसांसाठी नावे देता येतील आणि सोडतीत नाव न लागल्यास न्यू, ज्युबिली किंवा गावाबाहेरच्या कड्यावरील कासल कोर्सवर वेळ मिळू शकते. एकही राखीव दिवस नसलेला दौरा वाऱ्या-पावसाच्या एका तडाख्याने कोलमडतो, हे मी दोनदा अनुभवले आहे.

बुधवारी हाताशी वेळ असेल तर किंग्जबार्न्स या २००० साली सुरू झालेल्या आलिशान कोर्सकडे अनेकांचा ओढा असतो आणि तो खरोखर देखणा आहे. पण प्रश्नात आपण ‘ऐतिहासिक’ हा शब्द वापरला आहे, म्हणून मी जवळच्या एली गावातील कोर्सचे नाव सुचवतो. तेथे पहिल्याच टीसमोर (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेसमोर) टेकडी आहे आणि पलीकडचे खेळाडू दूर गेले की नाही हे पाहण्यासाठी खेळाडूंना सोडणाऱ्या स्टार्टरच्या खोलीत एका जुन्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे. अठरापैकी सोळा होल पार चारचे (म्हणजे चार फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेले), पार पाचचा एकही नाही. फी नामांकित कोर्सच्या निम्म्याच्या आसपास, आणि गावकरी आपल्या कुत्र्यांना घेऊन शेजारून चालत असतात. माझ्या गटांतील कितीतरी जणांनी परतताना सर्वांत आनंदाचा दिवस म्हणून एलीचे नाव घेतले आहे.

खर्चाची चिंता नसेल तर तो कोठे करावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. सर्वांत आधी कॅडीवर, प्रत्येक मोठ्या कोर्सवर प्रत्येकी एक. आपल्याकडे कॅडी बॅग उचलतो, चेंडू शोधतो आणि ग्रीनवर रेषा सांगतो. ओल्ड कोर्सवर तो याहून खूप अधिक करतो. तेथे चौदा होल सात जोडग्रीनवर विभागलेले आहेत, जोडीतील होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते, अनेक फटके झुडपांवरून न दिसणाऱ्या जागी मारायचे असतात आणि शंभराहून अधिक बंकरांपैकी कित्येक टीवरून दिसतच नाहीत. चुकायचेच असेल तर डावीकडे चुका, कारण जाताना सगळा धोका उजवीकडच्या काटेरी झुडपांत असतो, हे वाक्य पहिल्या टीवर प्रत्येक कॅडी सांगतो. कॅडीची फी आणि वरची बक्षिसी रोख द्यायची असते, म्हणून पौंडांच्या नोटा जवळ ठेवा.

दुसरा खर्च गाडीवर. सहा माणसे, चार गोल्फ बॅगा आणि सहा सुटकेसा सात आसनी गाडीत मावत नाहीत. चालकासह सोळा आसनी व्हॅनच लागते. स्कॉटलंडमध्ये मद्यपान करून गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे, त्यामुळे फेरीनंतर क्लबहाउसमध्ये एखादा पेला घेण्याची इच्छा असेल तर चालक असणे हीच खरी चैन आहे. हॉटेल या दोन्हींनंतर येते. सेंट अँड्र्यूजमध्ये सतराव्या होललगतचे ओल्ड कोर्स हॉटेल किंवा अठराव्या होलवरचे रुसाक्स यांपैकी कोणतेही घ्या. खोली कोर्सच्या बाजूची मिळते की नाही एवढे लेखी ठरवून घ्या, कारण त्याच हॉटेलात रस्त्याच्या बाजूच्या खोल्याही असतात. ईस्ट लोदियनमध्ये मी नेहमी म्युरफिल्डला अगदी लागून असलेल्या ग्रेवॉल्सकडे वळतो. १९०१ चे हे घर एडविन लट्यन्स यांनी उभारले आहे. नवी दिल्लीचा आराखडा करण्याच्या दहा-बारा वर्षे आधीचे त्यांचे काम पाहताना राष्ट्रपती भवन आठवल्याशिवाय राहत नाही.

मे की जून, याचे उत्तर आपण काय सोसू शकता यावर आहे. मेच्या उत्तरार्धात काटेरी गॉर्सची पिवळी फुले बहरात असतात, दिवस मोठा झालेला असतो आणि थंडी थोडी जास्त असते. जूनच्या मध्यावर पहाटे साडेचारला उजाडते आणि रात्री दहापर्यंत उजेड राहतो, मात्र गर्दी वाढते. पावसाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही: या किनाऱ्यावर वर्षाचा पाऊस साधारण पुण्याइतकाच, सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, परंतु तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो. वाऱ्याची आणि उत्तर समुद्रावरून येणाऱ्या ‘हार’ नावाच्या दाट धुक्याची तयारी मात्र ठेवा. छत्री उपयोगाची नाही. वरचा-खालचा दोन्ही पावसाळी पोशाख, लोकरी टोपी, ओल्यात पकड देणारे हातमोजे आणि बुटांचे दोन जोड न्या. आपला बेत २०२७ चा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागेल, कारण त्या वर्षी जुलैमध्ये ओपन सेंट अँड्र्यूजलाच होणार आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यांत प्रेक्षकांच्या गॅलरीचे सांगाडे उभे राहतात आणि वेळा कमी होतात, म्हणून मेचा पूर्वार्धच गाठा.

शरीराची तयारी हा विषय माझ्याकडे येणारे बहुतेक लोक टाळतात. अठरा होलमध्ये नऊ-दहा किलोमीटर चालणे होते, तेही उंचसखल जमिनीवर आणि वाऱ्याविरुद्ध. बग्गी (कोर्सवर बसून फिरायची छोटी गाडी) वैद्यकीय कारणाशिवाय बहुतेक जुन्या लिंक्सवर मिळत नाही. कोणाला गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र आधीच पाठवून परवानगी मागा. इतरांनी तीन महिने आधीपासून आठवड्यातून तीन वेळा पर्वती किंवा वेताळ टेकडी चढावी. खेळाच्या सरावात सात नंबरच्या लोखंडी क्लबने (काठीने) ग्रीनबाहेरून चेंडू घरंगळत नेणे, आणि ग्रीनच्या बाहेर वीस यार्डांवरून पटरच (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा क्लब) वापरणे, या दोन गोष्टी घटवाव्यात. लिंक्सवरील बंकर विहिरीसारखे खोल आणि उभ्या कडांचे असतात. ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलवरच्या रोड बंकरमधून पुढे जाण्याचा हट्ट धरला तर सहा-सात फटके तेथेच जातात. मागे किंवा बाजूला मारून बाहेर येण्यात कमीपणा मानू नका.

सोबत येणाऱ्या दोघींच्या दृष्टीनेही दोन मुक्कामांची ही योजना सोयीची आहे, कारण त्यांना रोज सामान बांधावे लागणार नाही. नॉर्थ बेरिकहून बोटीने बास रॉकजवळ जाता येते. त्या एकाच खडकावर हजारो गॅनेट पक्ष्यांची जगातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक असते आणि मे-जूनमध्ये तो पांढराशुभ्र दिसतो. सेंट अँड्र्यूज हे पायी फिरण्याजोगे गाव आहे: १४१३ चे विद्यापीठ, समुद्रावरचा पडका किल्ला, आणि कॅथीड्रलच्या भग्न भिंतींच्या आवारात ओल्ड टॉम मॉरिस आणि अवघ्या चोविसाव्या वर्षी गेलेला त्याचा मुलगा यंग टॉम यांच्या समाधी. ओल्ड कोर्सच्या शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचे उंचसखल पटिंगचे मैदान आहे. १८६७ साली महिलांनी स्थापन केलेल्या क्लबचे ते मैदान असून, कोणीही नाममात्र पैसे देऊन तेथे खेळू शकतो. ज्यांनी आयुष्यात कधी क्लब हातात धरला नव्हता अशा कितीतरी जणींना मी तेथे आपल्या यजमानांना हरवताना पाहिले आहे, आणि सहाही जणांनी एकत्र खेळण्याची ती एकमेव जागा असल्यामुळे एक संध्याकाळ तिच्यासाठी ठेवाच.

शाकाहारी मित्रासाठी एक सूचना. हॉटेलात अडचण येणार नाही, परंतु क्लबहाउसमध्ये मसुरीच्या डाळीचे सूप पाहून निश्चिंत होऊ नका. परंपरेने ते डुकराच्या मांसाच्या हाडांबरोबर शिजवतात, म्हणून प्रत्येक वेळी विचारून घ्या आणि म्युरफिल्डला जेवणाची सूचना आधीच पाठवा. बॅगेत ठेवायला चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की न्या. पेढे, बर्फी यांसारखे दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

कागदपत्रांमध्ये वेळेचा मेळ महत्त्वाचा आहे. टी टाइमचे पैसे सहा महिने ते वर्षभर आधी भरावे लागतात, तर ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्जच करता येत नाही. म्हणजे व्हिसा मिळण्यापूर्वीच मोठी रक्कम अडकलेली असते. म्हणून प्रत्येक कोर्सची रद्द करण्याची अट वाचा आणि व्हिसा नाकारल्यास भरपाई देणारा विमा शोधा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर भारतात टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल करायचा कर, आकारला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु त्या वेळेपुरती रक्कम हाताशी लागते. हँडिकॅपचे अधिकृत प्रमाणपत्र प्रत्येकाने छापील स्वरूपात जवळ ठेवावे. पहिल्या टीवर ते मागितले जाते. बॅगा विमानात मागे राहण्याची शक्यता धरून चाला. माझ्या एका गटातील दोन बॅगा तिसऱ्या दिवशी आल्या आणि त्यांच्या मालकांनी नॉर्थ बेरिक भाड्याच्या क्लबांनी खेळले. बूट आणि पावसाळी पोशाख हातातील सामानात असल्यामुळे ते निभावले.

रविवार मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे, त्याबद्दल लिहायचे राहिले. त्या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो आणि सारे गाव तेथे फिरायला येते: मुले पहिल्या होलच्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या हिरवळीवर) धावतात, म्हातारी जोडपी स्विलकन पुलाच्या दगडी कठड्यावर टेकतात, कुत्रे ‘व्हॅली ऑफ सिन’ नावाच्या त्या प्रसिद्ध खळग्यात लोळतात. आपण सहाही जण संध्याकाळी सातच्या सुमारास, ऊन तिरपे झाल्यावर, कोर्सच्या टोकापर्यंत चालत जा आणि अकराव्या ग्रीनपासून उलटे परत या. तिरप्या उन्हात जमिनीची प्रत्येक सुरकुती सावलीने उठून दिसते आणि टीवरून न दिसणारे बंकर मागून आल्यावर एकेक करून उघडे पडतात. ते कोठे आहेत हे वहीत टिपून घ्या. सोमवारी कॅडीबरोबर बोलताना त्या टिपणांचा फार उपयोग होतो. विमानाच्या तारखा ठरवण्यापूर्वी म्युरफिल्डकडे गुरुवारची वेळ आहे का हे विचारा आणि उत्तर आले की येथे लिहा, मग बाकीचे दिवस त्याप्रमाणे पुढे-मागे करता येतील.